‘बोली म्हणजे बिघडलेलं इटालियन’ : हे मुळातच चूक आहे

इटलीच्या प्रेमात पडलेल्या आपल्या मंडळींमध्ये एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. कुणी नव्यानं इटालियन शिकायला लागलं की त्याला तो हमखास येतो. त्याचा गोषवारा असा : इटलीची भाषा एकच, ती मध्ययुगातल्या दान्ते या कवीनं घडवली. नापोली, व्हेनिस, सिसिलीकडची माणसं घरात बोलतात ते तिचंच बिघडलेलं, अडाणी रूप. मुसोलिनीनं सगळ्या देशाला एका भाषेवर आणलं. आता बोली संपल्यातच जमा आहेत, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. आणि मराठीनंही हाच कित्ता गिरवावा.

यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. मी दोन वर्षं नापोलीत एका आजींच्या घरी भाड्यानं राहिले, त्यामुळे ‘बिघडलेलं’ हा शब्द मला फार लागतो. सुरुवात तिथूनच करते.

आजींच्या ओट्यावर एकदा लाल भोपळी मिरच्या आणि लाल टोमॅटो होते. मिरची दाखवून त्या म्हणाल्या ‘पुपारुओल रुस्स’ आणि टोमॅटो दाखवून ‘पुम्मारोल रोस्स’. इटालियनमध्ये लाल म्हणजे पुल्लिंगी ‘रोस्सो’ आणि स्त्रीलिंगी ‘रोस्सा’. लिंग शेवटच्या स्वरावरून कळतं. नापोलीच्या भाषेत हा शेवटचा स्वर विरून आपल्या ‘अ’सारखा पुसट होतो. मला पहिले काही महिने वाटायचं की आजी शब्द खातात. मग एक दिवस लक्षात आलं की शेपटीतलं लिंग शब्दाच्या पोटात गेलेलं आहे : ‘रुस्स’ तो, ‘रोस्स’ ती. चांगला तो ‘बुओन’, चांगली ती ‘बोन’. हा आळस नाही, हा व्याकरणाचा नियम आहे. मी चुकले की आजी लगेच सुधारायच्या.

उत्तरेला फ्रिउलीत जा. लॅटिनमध्ये ‘अधिक’ म्हणजे ‘प्लुस’. इटालियननं त्यातला ‘ल’ टाकून ‘प्यू’ केलं. फ्रिउलीची माणसं आजही ‘प्लुइ’ म्हणतात. लॅटिन ‘क्लावेम’, म्हणजे किल्ली, इटालियनमध्ये ‘क्याव्हे’ झाली; फ्रिउलीत ती ‘क्लाफ’ आहे. फ्रिउलीची भाषा जर इटालियनच बिघडून झाली असेल, तर इटालियननं हरवलेला ‘ल’ तिनं आणला कुठून? सार्डिनियाचंही तेच. लॅटिनमधल्या शंभराचा ‘क’ तिथल्या ‘केन्तु’त अजून टिकून आहे, इटालियनमध्ये त्याचा ‘चेन्तो’ झाला. आणि मिलानच्या भाषेत नकार क्रियापदाच्या मागून येतो. इटालियन ‘नोन मान्जो’, मिलानी ‘मान्जि मिंगा’. आपल्या ‘खात नाही’सारखी रचना!

म्हणजे या इटालियनच्या बहिणी आहेत, तिची वाया गेलेली लेकरं नव्हेत. सगळ्या लॅटिनपासून आपापल्या वाटेनं निघाल्या. अहिराणी काही पुण्याच्या मराठीतून बिघडून झालेली नाही, तसंच हे.

गोंधळ का होतो, तेही सांगायला हवं, कारण मजकूर पाठवणारे सगळे वाईट हेतूनं पाठवत नाहीत. इटलीत दोन वेगळ्या गोष्टी कानावर पडतात. एक, प्रमाण इटालियनच, पण प्रदेशाच्या लकबीनं आणि शब्दांनी बोललेलं. मिलानच्या बाजारात कलिंगड ‘आंगुरिया’, रोममध्ये ‘कोकोमेरो’, दक्षिणेत ‘मेलोने’. नागपूरचा माणूस प्रमाण मराठी बोलताना त्यात नागपूर येतंच, त्यातला हा प्रकार. दुसरी गोष्ट, ज्यांना इटालियन लोक ‘दियालेत्तो’ म्हणतात त्या स्थानिक भाषा. त्यांचं व्याकरण निराळं, आणि मिलानच्या माणसाला नापोलीची नीट कळतही नाही. ‘दियालेत्तो’ या शब्दाचं भाषांतर आपण डोळे मिटून ‘बोली’ असं करतो आणि ‘बोली’चा अर्थ मनातल्या मनात ‘अशुद्ध’ असा लावतो. दोन चुका एकावर एक. एखाद्या भाषेला दुसरीची बोली म्हणण्यावरून किती दुखावलं जातं, हे गोव्याशी नातं असलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कोकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, त्याआधी तो वाद किती वर्षं चालला होता!

आता दान्ते. तो फ्लॉरेन्सचा, आणि त्याच्या काव्यामुळे तिथल्या भाषेला मान मिळाला, हे अगदी खरं. पण भाषा घडवली म्हणणं म्हणजे त्याच्याच लेखनाकडे पाठ फिरवणं. लोकभाषेवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्यानं इटलीतल्या चौदा भाषा मोजल्या, आणि त्यांतली एकही, फ्लॉरेन्स ज्या प्रदेशात आहे त्या तोस्कानातली स्वतःची भाषा धरून, त्याला आदर्श वाटली नाही. त्याच्याही आधी सिसिलीत सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात कविता लिहिली जात होती, सिसिलीच्या भाषेत. तिथल्याच जाकोमो दा लेन्तिनीला चौदा ओळींच्या सॉनेटचा जनक मानतात. केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत मागे मागे नेलं तर थेट त्या ‘अडाणी’ सिसिलियनपर्यंत पोचतं.

फ्लॉरेन्सची भाषा प्रमाण ठरली ती पुढे, माणसांनी ठरवून. १५२५ मध्ये तिची बाजू मांडणारा पिएत्रो बेम्बो व्हेनिसचा होता. एकोणिसाव्या शतकात आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलत्या भाषेत आणण्यासाठी ती पुन्हा लिहून काढणारा मान्झोनी मिलानचा होता. दोघांचीही घरची भाषा वेगळी. आणि १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन येत होतं किती जणांना? भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज शेकडा अडीच. दुसरे भाषातज्ज्ञ कास्तेल्लानी यांचा सढळ हिशेब धरला तरी दहाच्या आसपास. पहिला राजा व्हित्तोरिओ इमानुएले दुसरा स्वतः पिएमोन्तेची भाषा बोलायचा आणि पंतप्रधान काव्हूर यांना फ्रेंच अधिक सोयीची वाटायची.

मुसोलिनीचं श्रेय तर एका परिच्छेदाच्याही लायकीचं नाही. त्याच्या राजवटीनं उत्तरेकडच्या जर्मन बोलणाऱ्या दक्षिण टिरोलमध्ये जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा लोकांनी मुलांना चोरून जर्मन शिकवलं. १९३८ मध्ये आदरानं ‘तुम्ही’ म्हणण्यासाठीचा ‘लेई’ काढून त्याजागी ‘व्होई’ म्हणा असा हुकूम निघाला. आज इटालियनचा पहिला धडा ‘लेई’नंच सुरू होतो. इतक्या हुकमांनंतरही १९५१ च्या जनगणनेत शेकडा तेरा माणसं निरक्षरच निघाली.

इटालियन घरोघरी पोचवली ती शाळेनं, कामासाठी दक्षिणेतून तोरिनो-मिलानला गेलेल्या कुटुंबांनी, आणि ३ जानेवारी १९५४ ला सुरू झालेल्या दूरदर्शननं. त्यातलं एक नाव मला फार प्रिय आहे : आल्बेर्तो मान्झी. १९६० ते १९६८ या काळात हा शिक्षक पडद्यावर प्रौढांना अक्षरं शिकवायचा. समोर मोठा कागद, हातात कोळसा. एक रेघ, दुसरी रेघ, त्यातून चित्र उभं राहायचं आणि चित्रावरून शब्द. घरी टीव्ही नसलेली माणसं दिवसभराच्या कामानंतर बारमध्ये, चर्चच्या खोलीत जमून ते बघायची. त्यानं कुणाला त्याची भाषा विसरायला सांगितलं नाही.

राहिला ‘बोली संपल्या’ हा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. इस्तात या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत घरात मुख्यतः स्थानिक भाषा बोलणारे शेकडा चौदाच होते. पण त्याच पाहणीत इटालियन आणि स्थानिक भाषा दोन्ही वापरणारे शेकडा बत्तीस आहेत, आणि मजकुरात हा दुसरा आकडा कधीच नसतो. शिवाय १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्यानं फ्रिउलीच्या आणि सार्डिनियाच्या भाषांसह बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिलं. नापोलीची भाषा त्या यादीत नाही, सिसिलीची आणि व्हेनिसची नाही. याचं मला वाईट वाटतं.

तरी २०२४ च्या सानरेमो गीत महोत्सवात जेओलिएर या तरुण गायकाचं नापोलीच्या भाषेतलं गाणं दुसरं आलं. स्पर्धेच्या आधीच गाण्याच्या लेखनावरून शहरात वाद पेटला होता. त्यानं शब्द कानाला येतात तसे लिहिले होते, न ऐकू येणारे स्वर गाळून. जुन्या जाणत्यांचं म्हणणं, ऐकू येत नसले तरी लिहायचे असतात. आजींनी वर्तमानपत्रात छापलेल्या त्या ओळी टेबलावर पसरल्या, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं गाळलेला एकेक स्वर भरत बसल्या. शेजारी त्यांचा नातू फोनवर मित्राला त्याच भाषेत निरोप लिहीत होता, एकही स्वर न घालता.