‘शक्ती’वरच्या लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ‘एक श्रोता’.

तुमची प्रतिक्रिया गेल्या रविवारी वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर हातून भलतंसलतं लिहिलं गेलं असतं, म्हणून चार दिवस थांबले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा लेख होता ‘शक्ती’वर, म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्या, भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणणाऱ्या सत्तरच्या दशकातल्या ताफ्यावर. तुमचं म्हणणं असं की ‘शक्ती’मध्ये जॅझ नाहीच, या मिलाफाचा पायंडा पाडला तो मॅक्लॉफ्लिन यांच्याच आधीच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या जॅझ-रॉक बँडने, ‘शक्ती’चे तीन आल्बम निघाले आणि विषय संपला, आणि मी पहिल्या आल्बमचं साल चुकवलं. या सगळ्याच्या आधी तुमचं पहिलं वाक्य येतं: “हा लेख म्हणजे कॅसेटवर वाढलेल्या मराठी मध्यमवर्गीय श्रोत्याची भाबडी भक्ती आहे.”

सालाचं तुमचं बरोबर आहे. लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात ती मैफल झाली ५ जुलै १९७५ ला, आल्बम बाजारात आला १९७६ मध्ये. मी ‘१९७५ चा आल्बम’ असं लिहून गेले. आणि तुमच्या नजरेतून सुटलेली आणखी एक चूक मीच सांगते. ‘चौघे जण’ असं मी लिहिलं, पण त्या पहिल्या ध्वनिमुद्रणात पाच जण होते. मृदंगमवर आर. राघवन होते. एका वादकाचं नाव गाळणं ही साल चुकण्यापेक्षा मोठी चूक आहे आणि ती मला जास्त टोचते.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते. मतभेद असू द्या, त्यासाठीच प्रतिक्रियांची जागा उघडी ठेवली आहे. पण ‘भाबडी’ हा शब्द मतभेदाचा नाही, तो समोरच्याला खाली बसवण्याचा आहे. माझ्या लेखातलं एकही वाक्य उद्धृत न करता तुम्ही माझा वर्ग ठरवलात, माझ्या घरातलं यंत्र ठरवलंत आणि त्यावरून माझ्या कानांची किंमत केलीत. हे कुठल्या रसिकतेत बसतं?

कॅसेटवर वाढले, हे खरं आहे. ते मी लपवलेलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. माझे मामा बोटीवर होते. १९८३ च्या मे महिन्यात ते डोंबिवलीला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत आईसाठी साडी, बाबांसाठी दाढीचं यंत्र आणि माझ्यासाठी एक कॅसेट होती. कुठल्यातरी बंदरात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की यात तबला आहे. भाची तबला शिकते एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती कॅसेट ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ची होती, ‘शक्ती’चा १९७६ चा दुसरा आल्बम. मी तेरा वर्षांची होते.

तबला शिकणारी मुलगी म्हणजे त्या काळी काय, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. हार्मोनियम शीक, गाणं शीक, हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. एका आंतरशालेय स्पर्धेत एका परीक्षकांनी माझा कायदा (तबल्यावर विस्तार करत वाजवायची रचना) संपल्यावर ‘मुलीच्या मानाने छान’ असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते वाक्य आज चाळीस वर्षांनी तुमच्या वाक्याच्या शेजारी ठेवून पाहिलं, तर दोन्हींची घडण एकच दिसते. वादन ऐकायच्या आधी वादक कोण ते बघायचं. लेख वाचायच्या आधी लेखक कोण ते बघायचं.

ती कॅसेट मी माझ्या तबल्याच्या सरांकडे घेऊन गेले. सर जुन्या वळणाचे, फिल्मी ठेका वाजवलेला त्यांना चालत नसे. भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “लाव बघू.” त्या आल्बमची पहिली रचना ‘ला दान्स द्यु बॉनर’ सुरू होते ती तोंडाने म्हटलेल्या बोलांनी. गिटार नाही, व्हायोलिन नाही, नुसते बोल. दाक्षिणात्य लोक त्याला कोन्नक्कोल म्हणतात. सर सावरून बसले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला, आधी सावकाश, मग थांबला, मग पुन्हा पहिल्या पेरापासून. “मागे घे,” म्हणाले. मी मागे घेतली. “परत.” तिसऱ्या वेळी त्यांनी मांडीवर टाळी धरली आणि जिथे बोल संपून वाद्यं एकदम आत शिरतात तिथे त्यांचा हात बरोबर खाली आला. “अगं, ही तर आपली पढंतच की,” म्हणाले, “फक्त गाव दुसरं.” पढंत म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं. त्या दिवशी आमचा ठरलेला पाठ झाला नाही. त्यांनी मला ‘त क धि मि, त क जु णु’ पाठ करायला लावलं आणि त्याच लयीत ‘धा तिरकिट’ बसवून दाखवलं. पुढच्या आठवड्यात टेप अडकली, फीत बाहेर आली, ती मी पेनाने गुंडाळून परत आत घातली. एका जागी आवाज कायमचा मंदावला. तिथला आवाज आजही माझ्या कानात मंदच येतो, मूळ ध्वनिमुद्रण स्वच्छ ऐकलं तरी.

भक्ती म्हणाल तर आहे. पण ती भाबडी कशी? पेरांवर मात्रा मोजून, तीन वेळा मागे घेऊन, सम सापडल्यावर मान डोलावणारा माणूस भाबडा असेल, तर मग ऐकणं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

सरांनी जे त्या दिवशी ओळखलं, तेच मी लेखात सांगत होते. तबला आणि घटम, पढंत आणि कोन्नक्कोल, हिंदुस्थानी आणि कर्नाटक हे दोन शेजारी एका रंगमंचावर बसून रोजचा संसार करताहेत, असं चित्र तेव्हा आपल्याकडे दुर्मिळ होतं. जुगलबंद्या होत, पण जुगलबंदी संपली की दोघे आपापल्या घरी. ‘शक्ती’त माहीमचे झाकीर हुसेन, वय वर्षं चोवीस, आणि मद्रासकडचे, घटम म्हणजे मातीचा घट वाजवणारे विक्कू विनायकराम आपापली भाषा न सोडता एकमेकांची वाक्यं पुरी करतात. एल. शंकर यांचं व्हायोलिन गमकं, म्हणजे सुरांची आंदोलनं घेतं आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार त्या गमकांमागे जाते. ती जाऊ शकते, कारण त्यासाठी गिटारच बदलली होती. अब्राहम वेक्टर या कारागिराने दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून दिलं, म्हणजे तार दाबली, ओढली की सूर वीणेसारखा वर चढतो. शिवाय मुख्य सहा तारांखालून तिरप्या जाणाऱ्या सात जास्तीच्या तारा, आस म्हणजे मागून गुंजन देण्यासाठी. ज्याला नुसती भारतीय फोडणी घालायची आहे, तो एवढ्यासाठी आपलं वाद्य कोरून घेत नाही. त्याआधी वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्यापुढे बसून तो वीणा शिकत नाही. आणि ‘महाविष्णू’सारखा जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडपैकी एक हाताशी असताना लाकडी गिटार घेऊन मांडी घालून बसत नाही.

‘शक्ती’त जॅझ नाही, या तुमच्या दाव्यावर मी फार लिहिणार नाही. ड्रमसेट नाही, पियानो नाही, स्विंग म्हणजे जॅझची ती झुलती लय नाही, म्हणून जॅझ नाही, हा हिशेब तुमचा तुम्हाला लखलाभ. पहिल्या आल्बममधलं ‘जॉय’ अठरा मिनिटांचं आहे. ते शांतपणे ऐका आणि गिटार व व्हायोलिन एकमेकांच्या वाक्यात कुठे शिरतात ते पाहा. जॅझमधले मोठे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’ या आल्बमवर जे मॅक्लॉफ्लिन वाजवून आले, ते ती सवय घरी ठेवून ‘शक्ती’त बसले नव्हते.

‘महाविष्णू’बद्दल तर आपल्यात भांडणच नाही. १९७१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये उभा राहिलेला तो बँड, बिली कोबम यांचे ड्रम्स, यान हॅमर यांचा कीबोर्ड, जेरी गुडमन यांचं व्हायोलिन, रिक लेअर्ड यांचा बास. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ मी कितीदा ऐकलेत, ते सांगून तुम्हाला पटवण्यात मला रस नाही. तो पायंडा होताच. पण एकाच माणसाने दोन पायंडे पाडू नयेत असा नियम कुठे आहे? पहिला ताफा १९७३ च्या अखेरीस फुटला, पुढे दुसरा ताफा, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, सगळं झालं. त्याच काळात दुसरीकडे ‘शक्ती’ आकाराला येत होती. माझा लेख तिच्याबद्दल होता.

“तीन आल्बम निघाले आणि विषय संपला,” हे मात्र तुम्ही घाईत लिहिलंत असं मी धरून चालते. तिसरा आल्बम ‘नॅचरल एलिमेंट्स’ १९७७ चा. मग खंड पडला, मान्य. पण १९८७ च्या ‘मेकिंग म्युझिक’वर झाकीरभाई आणि मॅक्लॉफ्लिन पुन्हा एकत्र आहेत, सोबत हरिप्रसाद चौरसिया आणि सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत तालाची बाजू सांभाळली ती मुंबईच्या त्रिलोक गुर्टू यांनी, शोभाताई गुर्टूंच्या मुलाने. १९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’. त्यात यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन, विक्कूंच्याच मुलाची, सेल्वगणेश यांची कंजिरा (डफासारखं छोटं वाद्य), आणि गायला शंकर महादेवन. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला गळा ‘शक्ती’त गातो, याचं मराठी माणसाला काही वाटलं तर तेही तुमच्या लेखी भाबडेपण ठरेल का? ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. २०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. संपणं म्हणायचं असेल तर ते त्या दिवशी झालं, तिसऱ्या आल्बमनंतर नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत की “जॅझ समजायला आयुष्य द्यावं लागतं.” मी माझं तबल्याला दिलं. बत्तीस वर्षं शिकवते आहे, आज माझ्याकडे अकरा मुली शिकतात. त्यांना पढंत शिकवताना मी दरवर्षी एकदा ‘ला दान्स द्यु बॉनर’ ही रचना लावते आणि पहिल्या बोलांवर टाळी धरायला सांगते. बहुतेकींची पहिल्यांदा चुकते. मग मी मागे घेते. यात तुम्हाला भाबडेपणा दिसत असेल तर आपण एकमेकांशी बोलून उपयोग नाही, आणि हे मी रागाने नाही, विचार करून लिहिते आहे.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, एवढी विनंती. मी माझ्या नावाने लिहिते, माझ्या चुका माझ्या नावावर जमा होतात. मूळ लेखात साल दुरुस्त केलं आहे आणि आर. राघवन यांचं नाव घातलं आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. ती जशीच्या तशी खाली आहे, ‘भाबडी’ या शब्दासकट.