१०८ विरुद्ध ५०: त्या दोन फोटोंवरून फोन ठरवू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांकडून आला आणि त्यातल्या दोघांनी खाली विचारलं होतं, "मग हाच घेऊ ना?" मेसेजमध्ये परवडणाऱ्या किमतीच्या दोन फोनच्या कॅमेऱ्यांची तुलना आहे. एक १०८ मेगापिक्सेलचा, दुसरा ५०चा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, चित्राचे ठिपके). दोन्ही फोननी काढलेले एकाच रस्त्याचे फोटो शेजारी शेजारी चिकटवलेत आणि खाली निकाल देऊन टाकलाय: १०८वाल्यात दुपटीहून जास्त बारकावे, मागे दोनाऐवजी तीन कॅमेरे, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) मोठं म्हणून प्रकाश जास्त, झूम केलं तरी फोटो फाटत नाही, आणि दुसऱ्या फोनचं ओआयएस (हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी लेन्समधली सोय) म्हणजे नुसती जाहिरात. शेवटची ओळ: "हातच्या कांकणाला आरसा कशाला, फोटोच बघा."

१०८वाला फोन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो चांगलाही असेल. पण मेसेजमधल्या एकाही कारणाने ते सिद्ध होत नाही, आणि या कारणांवर विसंबून कुणी फोन निवडला तर त्याची फसगत होऊ शकते. बेताच्या बजेटमध्ये फोन घेणारा माणूस तो चार-पाच वर्षं वापरतो. घरातलं मूल पहिलं पाऊल टाकतं तो फोटो दुसऱ्यांदा काढता येत नाही. म्हणून मी हे मुद्दे सोडून देणार नाही. योगायोगाने माझ्या हाताशी अशीच जोडी होती: माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आणि ओआयएस असलेला, बहिणीचा १०८चा आणि ओआयएस नसलेला. दोन्ही घेऊन चार दिवस फोटो काढले.

"१०८ म्हणजे ५०च्या दुपटीहून जास्त, म्हणून बारकावेही दुपटीहून जास्त."

दोन्ही फोनवर कुठलीही सेटिंग न बदलता एकेक फोटो काढा आणि गॅलरीत त्याचे तपशील उघडा. बहिणीच्या १०८वाल्या फोनची फाइल निघाली ४००० बाय ३००० पिक्सेलची, म्हणजे १२ मेगापिक्सेल. माझ्या ५०वाल्याची ४०९६ बाय ३०७२, म्हणजे साडेबारा. उरलेले ९६ मेगापिक्सेल कुठे गेले? कुठे गेले नाहीत, ते एकमेकांत मिसळले. अशा १०८च्या सेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये, शेजारचे नऊ पिक्सेल मिळून एक होतात, ५०च्या सेन्सरमध्ये चार मिळून एक. याला पिक्सेल बिनिंग म्हणतात. पिक्सेल इतके बारीक असतात की एकेकट्याच्या वाट्याला फार थोडा प्रकाश येतो, म्हणून त्यांची बेरीज करावी लागते. फोन रोज असाच वापरायचा हे गृहीत धरूनच हे सेन्सर बनवलेले असतात.

यावर कुणी म्हणेल, १०८चा वेगळा मोड दिलाय की. दिलाय. पण त्या मोडमध्येही "दुप्पट" टिकत नाही. पिक्सेलची संख्या क्षेत्रफळासारखी वाढते. १२,००० बाय ९,०००ची चौकट आणि ८,१९२ बाय ६,१४४ची चौकट शेजारी ठेवली तर आडव्या ओळीत पिक्सेल जेमतेम दीडपट भरतात. त्यातही रंगाची अडचण आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रंगजाळीचं पेटंट मिळालं, तिच्यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. नऊंचा एक करणाऱ्या सेन्सरमध्ये तोच रंग ३ बाय ३च्या अख्ख्या गठ्ठ्यावर पसरलेला असतो. म्हणजे रंगांची जाळी मुळात १२ मेगापिक्सेलइतकीच दाट. १०८ची फाइल तयार करताना मधल्या जागा सॉफ्टवेअर हिशेबाने भरून काढतं.

आणि लेन्स? प्रकाश लहान छिद्रातून जाताना थोडा पसरतोच, लेन्स कितीही निर्दोष असो. एफ/१.८ एवढ्या ॲपर्चरला (एफखालचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे २.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीचा ठिपका होऊन पडतो. १०८च्या अनेक सेन्सरमधला पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा असतो. एका बिंदूच्या रुंदीत जवळजवळ चार पिक्सेल बसले, तर ते चौघं चार वेगळ्या गोष्टी कशा टिपणार?

मी पुस्तकांच्या कपाटाचे फोटो काढले. दुपारी, खिडकीच्या भरपूर उजेडात, १०८च्या मोडमध्ये एका जाड शब्दकोशाच्या पाठीवरची बारीक ओळ थोडी अधिक स्पष्ट आली. हे मान्यच करायला हवं. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये तेच कपाट, तोच मोड: अक्षरांच्या कडेने दाणे, काळ्या पाठींवर जांभळट ठिपके. त्याच फोनचा नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो वाचायला जास्त सोपा होता. आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५च्या ६एसपासून २०२१च्या १३पर्यंत १२ मेगापिक्सेलचाच राहिला. सहा वर्षांत फोटो मात्र खूप सुधारले. ही सुधारणा आकड्यातून आली नव्हती.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं. "५० मेगापिक्सेल" ही पाटी दोन अगदी वेगळ्या सेन्सरवर लागते. सोनीच्या आयएमएक्स७६६मध्ये पिक्सेल १ मायक्रॉनचा आहे, सॅमसंगच्या जेएन१मध्ये ०.६४चा. दोन्ही ५०चेच. गुणाकार केला तर पहिल्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचं वीसच्या आसपास. अडीचपट फरक, आणि खोक्यावर आकडा एकच. ०.६४ मायक्रॉनचे १०.८ कोटी पिक्सेल मांडले तर क्षेत्रफळ होतं ४४ चौरस मिलिमीटर. म्हणजे जेएन१वाल्या फोनसमोर १०८वाला जिंकण्याची शक्यता भरपूर आहे, पण त्याचं कारण मोठा सेन्सर. आयएमएक्स७६६वाल्या ५०च्या समोर हेच पारडं फिरू शकतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. माहितीपत्रकात सेन्सरचा आकार "१/१.५६ इंच" असा लिहितात. हा इंच खरा इंच नव्हे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्या त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ओळखल्या जात, ती मोजणी अजून चालू आहे. १/१.५६ इंच म्हणजे हिशेबाने १६ मिलिमीटरच्या वर, पण त्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात जेमतेम सव्वादहा मिलिमीटर भरतो. तुलनेसाठी एवढं पुरतं: भागिलेच्या खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा.

"तीन कॅमेरे दोनांपेक्षा चांगले."

तिसरा कॅमेरा कोणता ते विचारा. स्वस्त फोनमध्ये तो बहुतेक वेळा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळच्या वस्तूंसाठीचा) किंवा डेप्थ (अंतराचा अंदाज घेणारा) कॅमेरा असतो. मॅक्रोला बहुधा ऑटोफोकस नसतो, ठरावीक अंतरावर फोन धरला तरच चित्र नीट येतं, आणि मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून क्रॉप केलेला फोटो बरेचदा त्याहून सरस निघतो. गूगलच्या २०१९च्या पिक्सेल ३एमध्ये मागे एकच कॅमेरा होता, १२.२ मेगापिक्सेलचा, आणि फोटोंसाठी तो फोन लोकांनी नावाजला. तिसरा कॅमेरा अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारा, असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा खरंच उपयोग होतो.

"ॲपर्चर एफ/१.७५, समोरच्याचं एफ/१.८, म्हणून प्रकाश जास्त."

सहा टक्के जास्त. डोळ्याला कळणार नाही इतका हा फरक आहे, आणि सेन्सरच्या क्षेत्रफळापुढे तो कुठेच टिकत नाही.

"ओआयएस म्हणजे नुसती जाहिरात, हात स्थिर असला की झालं."

या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण हे वाचून लोक नेमकी उपयोगाची गोष्ट सोडून देतील. कुणाचाच हात पुरता स्थिर नसतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स साधारण जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतक्या दृश्यकोनाची असते. फोटोग्राफीतल्या जुन्या ठोकताळ्यानुसार अशा लेन्सने हातात धरून सेकंदाच्या १/२५ भागाहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की फोटो हलण्याचा धोका सुरू होतो. ओआयएसमध्ये हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने लेन्स सरकते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं.

त्याच कपाटाचा, त्याच ट्यूबलाइटमधला नेहमीच्या मोडचा फोटो घ्या. तपशिलात बघितलं तर बहिणीच्या फोनने १/२५ सेकंद आणि आयएसओ (मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा तो आकडा) २००० निवडलं होतं. माझ्या फोनने १/१० सेकंद आणि आयएसओ ८००. फोटोचा उजळपणा सारखाच. पण माझ्या सेन्सरवर अडीचपट वेळ प्रकाश पडला, तर तिच्या फोनला कमी प्रकाश कृत्रिमपणे वाढवून घ्यावा लागला. हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकाची वीण माझ्या फोटोत दिसते. तिच्या फोटोत नॉइज (कमी प्रकाशात उमटणारे दाणे) पुसताना वीणही पुसली गेली, नुसता गुळगुळीत हिरवा पट्टा उरला.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ओआयएस तुमचा हात सांभाळतं, समोरचं धावणारं मूल सांभाळत नाही. तिथे शटर झटकन मिटावं लागतं आणि त्याला प्रकाशच हवा. मी भाचीला खोलीत पळायला लावून फोटो काढले, दोन्ही फोनवर तिचे हात पुसट आले. दुसरं, ओआयएसची उणीव सॉफ्टवेअर बरीच भरून काढू शकतं: एकामागून एक पटापट, शटर कमी वेळ उघडं ठेवून फोटो घ्यायचे, जुळवायचे आणि एकत्र करायचे. गूगलने २०१८मध्ये आणलेला नाइट साइट मोड याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे ओआयएस नसलेला प्रत्येक फोन रात्री हरतोच, असं मी म्हणणार नाही. जाहिरात मात्र ती नक्कीच नाही.

"झूम केलं तरी फोटो फाटत नाही."

यात तथ्य आहे. १०८च्या चौकटीतून मधला भाग ३ पट झूमने कापला तर १२ मेगापिक्सेल उरतात. ५०च्या चौकटीत तेवढेच मिळवायचे तर २ पटीवर थांबावं लागतं. भर उन्हात समोरच्या इमारतीवरची पाटी बहिणीच्या फोनने ३ पटीवर माझ्यापेक्षा स्वच्छ टिपली. पण या कापलेल्या भागात बिनिंगचा फायदा राहत नाही, त्यामुळे दिवस मावळला की हा फायदाही मावळतो. सातच्या सुमारास तीच पाटी दोघांच्याही फोटोत वाचता आली नाही.

"फोटोच बघा."

बघितले. मेसेजमधलं चित्र उतरवून घेतलं आणि त्याचा आकार पाहिला: १०८० बाय ७२०. त्यात दोन फोटो शेजारी शेजारी, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ५४० बाय ७२०, चार लाखांहूनही कमी पिक्सेल. १०८ आणि ५० मेगापिक्सेलची तुलना ०.४ मेगापिक्सेलच्या दोन चित्रांवर केली आहे. १०८वाल्याच्या दर पावणेतीनशे पिक्सेलमागे एकच पिक्सेल आपल्यापर्यंत पोचला, आणि त्यावर मेसेजिंग ॲपने पुन्हा फाइल दाबली. बारकाव्यांबद्दल या चित्रावरून कुणालाही काहीच सांगता येणार नाही.

मग १०८वाला फोटो "छान" का वाटतो? कारण तो थोडा जास्त उजळ आहे आणि त्यातला हिरवा रंग जास्त गडद आहे. शेजारी शेजारी ठेवल्यावर उजळ फोटो डोळ्याला बरा वाटतोच. तो उजळपणा एडिटरची पट्टी बोटभर सरकवून दुसऱ्या फोटोतही आणता येतो. आणखी एक: डावीकडे विजेच्या खांबाची सावली फुटपाथच्या कडेपर्यंत पोचते, उजवीकडे ती रस्त्यावर उतरलेली आहे. म्हणजे हे दोन फोटो एकाच वेळी काढलेले नाहीत. सूर्य सरकलेला असताना प्रकाशाची तुलना कशी करायची?

कंपन्यांच्या नमुना फोटोंवर विसंबणाऱ्यांनाही तेच सांगेन. सप्टेंबर २०१२मध्ये नोकियाने लुमिया ९२०च्या ओआयएसची व्हिडिओ जाहिरात दाखवली. तिच्यात एका काचेत व्हॅन आणि कॅमेरा घेतलेला माणूस दिसला. तो व्हिडिओ त्या फोनने काढलेलाच नव्हता आणि नोकियाला माफी मागावी लागली. फोनचं ओआयएस खरं होतं, दाखवलेला पुरावा खोटा होता.

ज्या दोघांनी "हाच घेऊ ना?" विचारलं, त्यांना मी हे कळवलं: दोन्ही फोन कुणाकडे तरी हातात घ्या. संध्याकाळी घरातल्या दिव्यात, एकाच जागेवरून, एका मिनिटाच्या आत दोन्हींनी फोटो काढा. एक स्थिर वस्तूचा, एक हलणाऱ्या माणसाचा, एक खिडकीकडे पाठ करून बसलेल्याचा. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. मोठ्या पडद्यावर केस, कापड आणि अक्षरं बघा.

आणि मेसेज लिहिणाऱ्यांना विनंती: त्या रस्त्याच्या दोन्ही मूळ फाइल द्या, तपशिलासकट. माझ्या फाइल मी मागेल त्याला देते, दिवसाच्या आणि रात्रीच्या. त्यात माझा फोन हरलाय ते दोन फोटोही आहेत, दुपारच्या शब्दकोशाचा आणि उन्हातल्या पाटीचा.