लग्न आमचं, शूटिंग यांचं

मला एकदा कुणीतरी सांगा, लग्नात यजमान कोण असतं? मुलीचे आईवडील, मुलाचे आईवडील, की गळ्यात दोन कॅमेरे अडकवून बूट न काढता बोहल्यावर चढणारा तो महाभाग?

ताईच्या लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना आम्ही काही कमी केलं नव्हतं. इन्स्टाग्रामवरचं काम बघितलं, ऑफिसात जाऊन बसलो, सगळं वेळापत्रक लिहून दिलं. मुहूर्त 12 वाजून 23 मिनिटांचा. त्याआधी गौरीहार झाला की लगेच घरच्यांचे फोटो, कारण नंतर पंगतीची घाई आणि हॉल पाचला रिकामा करायचा. कोण कोणाबरोबर, ती यादीसुद्धा व्हॉट्सॲपवर टाकली. ‘टेन्शनच घेऊ नका मॅडम.’ अर्धे पैसे ॲडव्हान्स, जीएसटी वेगळा.

आणि लग्नाच्या दिवशी आलं कोण? त्याची ‘टीम’! साहेबांनी त्याच तारखेला दुसरंही लग्न घेतलेलं. टीमला यादीचा पत्ताच नाही. त्यांनी काय करावं, तर नऊवारीतल्या ताईला हॉलच्या जिन्यावरून वरखाली चालवावं. हळू. अजून हळू. आता मागे वळून हसा. इकडे गुरुजी ‘मुलीला आणा, मुलीला आणा’ म्हणून ओरडतायत, मामा तिला न्यायला ताटकळलेत, आणि घरच्यांच्या फोटोंची वेळ त्या जिन्यावरच संपली.

मी करवली. हातात कऱ्हा घेऊन ताईच्या मागेच उभी. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं, अंतरपाट निघाला, आणि मला भावोजी दिसलेच नाहीत. दिसली ती व्हिडिओवाल्याची पाठ आणि त्याच्या डोक्यावर साचलेल्या आमच्या अक्षता. पहिल्या रांगेतल्या आजीने सख्ख्या नातीला हार घालताना एलईडी स्क्रीनवर बघितलं! लाजाहोमात तर हद्द झाली. ‘गुरुजी, ते लाह्यांचं परत एकदा घ्या ना, फोकस गेला.’ होम आहे की सिरियलचं शूटिंग? (गुरुजींनी ज्या नजरेने त्याच्याकडे बघितलं, तेवढा एक फोटो कुणी काढायला हवा होता.)

आता फोटो आलेत. ढीगभर. चपलांचे, मेंदीचे, पेल्यातल्या मसाला दुधाचे, रुखवतातल्या एकेका चिरोट्याचे क्लोजअप. आत्या रात्रभर रेल्वेने अकोल्याहून आली, पैठणी नेसून यादीप्रमाणे स्टेजच्या कडेला उभी राहिली. तिचा फोटो? एकही नाही. फोनवर ती अजून ‘हं’च्या पुढे बोलत नाही, आणि तिला समजवायचं काम अर्थातच माझ्याकडे.

न निवडलेले, मूळ फोटो द्या म्हटलं तर उत्तर काय, ‘कॉपीराइट आमचा असतो.’ अरे वा! 1957 चा कॉपीराइट कायदा उघड, कलम 17 वाच. वेगळा करार नसेल, तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक ते काढून घेणाराच असतो. आणि करार म्हणशील, तर तुझ्या त्या चिटोऱ्यावर तारीख, रक्कम आणि ‘अल्बम 40 पानी’ याशिवाय काहीही नाही.

काल त्याचाच मेसेज आला: ‘मॅडम, बॅलन्स पेंडिंग आहे, आणि गुगलवर फाइव्ह स्टार द्याल का?’ देते ना. आधी आत्याचा एक फोटो पाठव.