'सगळ्याला चालतं' म्हणून गळ्यात मारलेलं ब्लेड

डोकं फिरलंय माझं. बँडसॉचं, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीचं, ब्लेड घ्यायला कुठल्याही दुकानात जा, प्रश्न एकच: "लांबी किती?" लांबी सांगितली की वरच्या खिळ्यावरची गुंडाळी काढून काउंटरवर आपटली आणि बिल फाडायला घेतलं. काय चिरणार, किती उंचीचं चिरणार, मशीनची चाकं केवढी, काही म्हणजे काही विचारत नाहीत. आपण विचारलं की इंचाला दाते किती, पत्रा किती जाड, स्टील कुठलं, तर ठरलेलं उत्तर: "घ्या हो दादा, सगळ्याला चालतं."

नाही चालत सगळ्याला! प्लायवूडमध्ये गोलाई काढायचं ब्लेड वेगळं आणि आठ इंच उंचीचं सागवान उभं चिरून फळ्या काढायचं ब्लेड वेगळं. ब्लेडं विकूनच ज्याचं घर चालतं त्याला एवढंही माहीत नसावं?

साधा हिशेब आहे. इंचाला ६ दाते असलेलं ब्लेड आठ इंच लाकडात घातलं की एका वेळी ४८ दाते लाकडात असतात. प्रत्येक दात्याने काढलेला भुसा त्याच्या पुढच्या खाचेत बसून लाकडाच्या खालच्या अंगाने बाहेर पडेपर्यंत जायला हवा. आणि सहा दात्यांच्या ब्लेडची खाच ती केवढीशी! निम्म्या वाटेतच ती गच्च भरते. मग दाते कापायचं सोडून नुसते घासतात, ब्लेड तापतं, मागे रेटलं जातं आणि लाकडाच्या पोटात बाजूला सरकतं. वरच्या रेघेवर बघाल तर चीर सरळ, खालूनही सरळ. फळ्या मोकळ्या झाल्या की कळतं, एकीला पोट आलंय आणि दुसरीला खळगा पडलाय. पोलादी पट्टी आडवी लावा, मधोमध खालून उजेड दिसतो. कडांना १० मिलिमीटर आणि मध्ये ७! आता ती रंध्याने सपाट करायची म्हटली तर हातात काय उरणार?

या कामाला इंचाला २ किंवा ३ दाते लागतात, मोठ्या खाचेचे, पुढे झुकलेले. त्यात गुपित काहीच नाही. तरी मागितलं की "असं कोणी वापरत नाही" म्हणून आपल्यालाच वेड्यात काढतात.

चीड जास्त येते ती लाकडामुळे. आमच्याकडे चिरायला येतं ते बरंचसं जुने वाडे पाडताना निघालेलं सागवान. तुळया, खांब. सावकाश वाढलेलं, घट्ट रेषेचं, शंभर वर्षं छप्पर पेलून पुरतं स्थिरावलेलं. गोल करवत चिरेत सहज ३ मिलिमीटर लाकूड खाते, बँडसॉचं पातळ ब्लेड एकाच्या आसपास. त्या वाचलेल्या लाकडातून जास्तीची एखादी फळी निघावी म्हणून तर बँडसॉ घ्यायचा! चुकीचं ब्लेड तो सगळा फायदा पोट काढण्यात घालवतं आणि तशी तुळई परत मिळत नाही.

वर सागवानाचा स्वभाव. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच्याच जातीचा पदार्थ. साध्या कार्बन स्टीलचे दाते त्यावर बघता बघता बोथट होतात. बायमेटल ब्लेड (लवचीक स्टीलच्या पट्टीवर जास्त कठीण स्टीलचे दाते) महाग पडतं पण कितीतरी जास्त टिकतं. कार्बाइड या अतिकठीण पण ठिसूळ पदार्थाच्या टोकांचं त्याहून टिकाऊ, मात्र वाड्याच्या लाकडात एक मोडका खिळा आत राहिला की टोकं उडालीच. म्हणून जुन्या तुळयांना मेटल डिटेक्टर फिरवून मग बायमेटल, आणि कार्बाइड फक्त नव्या, स्वच्छ सागवानाला किंवा शिसवीला. हे दुकानातून कळायला हवं होतं, नाही का? तिथे सल्ला काय मिळतो, तर "एक इंची रुंद घ्या, हलणार नाही."

अहो, चौदा इंची चाकाच्या मशीनवर एक इंची ब्लेड? ढोबळ नियम आहे, ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजारांश भागाच्या आसपास हवी. ३५० मिलिमीटरच्या चाकाला ०.३५, ओढूनताणून ०.६ पर्यंत. एक इंची ब्लेड बहुतेक वेळा ०.९ चं असतं. ते प्रत्येक फेरीत दोनदा वाकतं, दोनदा सरळ होतं आणि काही दिवसांत खाचांच्या तळाला चिरा जातात. त्यात छोट्या मशीनच्या स्प्रिंगला त्याला पुरेसा ताण देताच येत नाही. रुंदी आहे पण ताण नाही, म्हणजे फळीला पुन्हा पोट. त्या मशीनला अर्धा इंची, पातळ, नीट ताणलेलं ब्लेड कधीही सरस.

आता धारवाल्यांकडे वळतो. ब्लेड द्यावं तर हातात धरून ग्राइंडरच्या चाकावर एकेक दाता दाबतात. ठिणग्या उडतात, टोकं निळी पडतात. निळं पडलं म्हणजे दात्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला! आता ती धार पहिल्या फळीलाच जाणार. खाचेचा तळ गोल ठेवायचा असतो, हे तिथे टोकदार कोपरा पाडतात आणि बरोबर त्याच कोपऱ्यातून ब्लेड तडकतं. एका बाजूच्या दात्यांना जास्त घासतात, दुसऱ्या बाजूच्यांना कमी. मग ब्लेड जन्मभर एकाच अंगाला ओढतं आणि आपण फेन्स (लाकूड टेकवून सरळ चालवायची पट्टी) सरकवत बसायचं. पट्टीची दोन टोकं जुळवून जोड मारून आणावा तर वेल्डिंगनंतर तो मंद तापवून नरम करायचा असतो, ते कोणी करत नाही. जोडावरचा उंचवटाही तसाच, ब्लेडला जागेवर धरणाऱ्या गाइडमधून जाताना टक टक टक टक. मोडलं की जोडालगतच मोडतं. तक्रार घेऊन गेलं तर? "तुमचं मशीन बघून घ्या."

मशीन बघितलंय! गाइड, चाकं, टेबल, सगळं लावून घेतलंय. संध्याकाळी ताण सैल करतो, दात्यांना चिकटलेली राळ कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशने काढतो, कोरडं करून तेलाचा हात फिरवतो. ब्लेडची मागची धार मशीन चालू असताना ऑइलस्टोन हळू टेकवून गोल करतो. नवं ब्लेड पहिल्या काही फळ्यांना जोर न लावता चालवतो. माझ्या हातातलं सगळं मी करतो. मग ज्याने पैसे घेतले त्याने त्याच्या हातातलं का करू नये?

मागणी एवढीच आहे: पाकिटावर लांबी, रुंदी, जाडी, इंचाला दाते आणि स्टील, पाचही गोष्टी छापा. धारवाल्याने ब्लेड परत देताना दाते निळे नाहीत हे समोर दाखवावं. तोपर्यंत मी काउंटरवरच गुंडाळी सोडणार, पट्टी लावून दाते मोजणार, व्हर्नियरने जाडी बघणार आणि जोडावरून बोट फिरवून मगच पैसे काढणार. मागे रांग लागली तर लागू दे.