फांद्यांमधला राजपुत्र
कलश आणि विलोच्या झाडाच्या या फ्रेंच छापचित्राला त्यावरच्या लेखात ‘साधं शोकचित्र’ म्हटलंय, ते पटलं नाही. कलशाच्या कडेची मोकळी जागा नीट पाहा. फ्रान्सचा राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे चेहरे एका बाजूने दिसतात, आणि झुकलेल्या फांद्यांत त्यांची मुलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत राजनिष्ठा उघड दाखवणं जिवावर बेतायचं, म्हणून हे लपवणं.

मला चटका लावतो तो त्यांचा धाकटा मुलगा, गादीचा वारस. ८ जून १७९५ ला पॅरिसच्या तांपल तुरुंगात कैदेतच वारला, वय अवघं १०! शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर पेलतां यांनी त्याचं हृदय काढून जपलं. २००० मध्ये त्याचा डीएनए आईच्या माहेरच्या वंशाशी जुळला आणि २००४ मध्ये ते हृदय पॅरिसजवळच्या सां-दनीला राजघराण्याच्या दफनस्थळी ठेवलं. त्या पोराबद्दल लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.