कमरेने शिस्त पाळावी

सुभेदारसाहेब, निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने तुमच्या कमरेबद्दल 'आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही' असे लिहून दिले ना? मग अपंगत्व पेन्शनसाठी अपिलाच्या भानगडीत कशाला पडता! भरतीच्या वेळी तुम्ही शेप-1, म्हणजे लष्कराच्या भाषेत पूर्ण तंदुरुस्त होता. पुढे अख्खी नोकरी पाठीवर पिट्टू आणि तीन टनी गाडीचे हिसके. पण मणक्याची चकती सरकली ती चतुर्थीच्या रजेत, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला शिडीवर चढलात तेव्हाच. बोर्डाने पाहिले नाही खरे, पण अंतर्ज्ञान असते त्यांना.

पायात मुंग्या येतात, रात्री पोटरीतून कळ जाते, हे तर बोलूच नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जाऊन नर्व्ह कंडक्शन चाचणी केलीत, तर नसेच्या दुखण्याचा उगाच पुरावा तयार होईल. त्यापेक्षा 'फार दुखते, न्याय मिळावा' एवढेच लिहून पाठवा. फाईल बंद करणाराही माणूसच, त्याचे काम का वाढवा?

टक्क्यांचे मात्र समजून घ्या. अपंगत्व किमान 20 टक्के आणि सेवेशी जोडलेले, तर पेन्शन. वर 50 च्या खालचा आकडा 50 धरायचा. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात सांगून टाकले. अशा वेळी तुमची कंबर 15 ते 19 मध्येच थांबली, ही तिची शिस्त. वाकून दाखवा म्हटल्यावर दात आवळून वाकला असाल तुम्ही. फौजी खोड, दुसरे काय!

सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धर्मवीर सिंग निकाल चुकूनही वाचू नका. भरतीच्या नोंदीत आजार नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असे धरावे, सिद्ध करायचा भार त्याच्यावर टाकू नये, बोर्डाने कारणे द्यावीत, असला झोप उडवणारा मजकूर आहे त्यात. बोर्डाच्या कागदांची प्रतही मागू नका. कारणांच्या रकान्यात एखादीच ओळ दिसली, तर पुन्हा झोपेचाच प्रश्न.

अपिलाची 6 महिन्यांची मुदत भातकापणी, जत्रा आणि शिगमो यांत आपोआप सरते. तरी कोणी हट्टी निघालाच, तर पहिले अपील, दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. गोव्याची प्रकरणे तिथेच. थिवीला मांडवी एक्सप्रेस पकडा आणि दिवसभर बसून जा. उतरताना पाय सुन्न पडेल. तो गाडीत बसून पडला, असे मत बोर्ड आधीच तयार ठेवील.