पांढरा कोट

परवा शनिवारी सकाळी एका तेरा वर्षांच्या मुलाने मला भर मैदानात विचारलं, "तुम्हाला एकाच डोळ्याने कमी दिसतं की दोन्ही?" मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि चष्मा लावून उभा होतो. उत्तर तोंडावर आलं होतं. पण अंगात पांढरा कोट होता, आणि पांढरा कोट घातलेल्याने बोलायचं नसतं. त्याने फक्त झेंडा हलवायचा.

तर हे आयर्लंड, मीथ काउंटी, आणि खेळ गेलिक फुटबॉल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: फुटबॉल, बास्केटबॉल आणि एसटीत खिडकीची जागा धरणं हे तीन खेळ एकत्र केले की जे होतं, ते. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलंच. मग तो आपटायचा किंवा पायाने उडवून परत हातात घ्यायचा. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे ३ पॉइंट, हिरवा झेंडा. दांडीवरून, खांबांच्या मधून गेला की १, पांढरा झेंडा. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर २, त्याला नारिंगी झेंडा. बाजूने गेला तर दोन्ही हात पसरून 'वाईड'. हे हात पसरणारे गृहस्थ म्हणजे अंपायर, प्रत्येक खांबाशी एक. मोठ्या सामन्यांत रेफरी आपले अंपायर स्वतःच घेऊन येतो, बहुतेक भाऊ, मेव्हणे आणि मित्र. पोरांच्या सामन्यात मैदानावर लवकर पोचलेला बाप चालतो.

मी दहा मिनिटं लवकर पोचलो होतो.

"मॅक, दोन मिनिटं आहेत का?" कोच म्हणाला. माझं नाव मकरंद. इथे आल्यावर आठवड्याभरात त्याचा मॅक झाला. आयरिश भाषेत मॅक म्हणजे मुलगा, त्यामुळे अख्खं गाव मला 'मुला, मुला' अशी हाक मारतं आणि मला उगाच बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्यात मी कोट घेतला. कोट कुणा बारक्या माणसासाठी शिवलेला होता. वरची दोन बटणं लागली, खालच्या दोघांनी नाद सोडला.

नेमलेला रेफरी आलाच नाही. फोनाफोनी झाली, आणि शेवटी क्लबातलाच एक सतरा वर्षांचा पोरगा, नुकताच रेफरीचा कोर्स केलेला, शिट्टी घेऊन उभा राहिला. पाय लांब, कान मोठे, शर्ट खोचलेला. दुसऱ्या खांबाशी पाहुण्या संघातला एक बाप. त्याने पूर्ण सामन्यात बटाट्याच्या वेफर्सची तीन पाकिटं संपवली आणि एकही मत व्यक्त केलं नाही. अनुभवी माणूस.

आणि माझ्या खांबामागे, जाळ्याला जवळजवळ नाक लावून, घडीच्या खुर्चीत एक आजी. मांडीवर विणकाम, पायाशी थर्मास, डोक्यावर पावसाची टोपी.

"चहा घेणार, बाळा?" आजी म्हणाल्या. म्हणजे त्या 'लव्ह' म्हणाल्या, पण मराठीत त्याचं दुसरं काय करणार.

"नको, ड्यूटीवर आहे."

"बरोबर आहे. खाल्ल्या घरचे वासे माणूस मोजत नाही." (हे मी माझ्या मराठीत सांगतोय. त्यांचं वाक्य सँडविचबद्दल होतं.)

एवढ्यात चेंडू उडाला, आणि टाके मोजता मोजता आजींच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त मिरज जंक्शनवर ऐकला आहे. "स्टेप्स! रेफ! स्टेप्स! तुला चारपर्यंत मोजता येत नाही का रे?" मग पुन्हा माझ्याकडे वळून, अगदी देवळातल्या आवाजात, "तुमच्याकडे आता उन्हाळा असेल ना? आंबे येतात का?"

"येतात."

"छान. रेफ! शिट्टी गिळलीस का?"

असं वीस मिनिटं चाललं. एक वाक्य आंब्याला, एक रेफरीला. माझ्या लग्नाची, पगाराची (आडून), आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. रेफरीची अक्कल, दृष्टी आणि चालण्याची पद्धत यांचाही पंचनामा झाला. शेवटी मी भीत भीत म्हटलं, "लहान आहे हो तो अजून."

"लहान कसला, सतरा पूर्ण झाली मार्चमध्ये. मीच केक केला होता."

"म्हणजे?"

"माझा नातू आहे. थोरलीचा." सुई न थांबवता. "आणि तो तेरा नंबरचा शर्ट दिसतोय ना, तो धाकटीचा."

"आणि तुम्ही सख्ख्या नातवाला असं..."

"शिट्टी तोंडात असेपर्यंत मी कुणाची आजी नाही." मग थर्मासचं झाकण उघडत, "संपल्यावर त्याला अंड्याचं सँडविच आहे. चुलतमावस सगळ्यांना आहे. तुलाही आहे, नीट काम केलंस तर."

हे 'नीट काम केलंस तर' मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आजींचं एक दुःख आहे, ते मला मध्यंतरात कळलं. त्यांचं माहेर लाऊथ, सासर मीथ. काउंट्या शेजारी-शेजारी, आणि शेजाऱ्यांचं जसं असतं तसंच त्यांचं आहे. २०१० च्या लेन्स्टर फायनलला (लेन्स्टर म्हणजे या दोन्ही काउंट्यांचा प्रांत), डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, लाऊथ शेवटच्या क्षणापर्यंत एका पॉइंटने पुढे होतं. १९५७ नंतर पहिल्यांदाच कप दिसत होता. तेवढ्यात मीथच्या खेळाडूने गर्दीत चेंडू चक्क हाताने रेषेपलीकडे टाकला, आणि गोल दिला गेला. शिट्टी वाजली, मीथ जिंकलं, लोक मैदानात धावले, रेफरीला धक्काबुक्की झाली, पोलिसांनी त्याला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी त्याने चूक कबूल केली. निकाल तोच राहिला. त्या रेफरीचं नाव मी इथे लिहीत नाही, बिचाऱ्याचं पुरेसं लिहून झालंय. आजी त्या दिवशी स्टँडमध्ये होत्या, एका बाजूला मीथवाला नवरा, दुसऱ्या बाजूला लाऊथवाला भाऊ. "घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. ऑगस्टपर्यंत." लाऊथने पुढे २०२५ मध्ये कप जिंकला, तोही मीथलाच हरवून, म्हणजे ६८ वर्षांनी. आजी तेव्हा रडल्या. पण पांढऱ्या कोटावरचा विश्वास उडाला तो उडालाच. "गोलाशी तुझ्यासारखेच उभे होते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या न लागलेल्या बटणांकडे बघितलं.

मध्यंतरातली दुसरी गोष्ट एवढी गमतीची नाही. काळ्या जाकिटातला एक बाप, आमच्याच संघाचा, रेषेवर येऊन त्या पोराला बोलायला लागला. आजींसारखं नाही. आजी ओरडायच्या तेव्हा पोरगा एकदाही मागे वळला नव्हता, सवयीने पंखा चालू असावा तसं. हा माणूस आवाज न चढवता बोलत होता, आणि काय बोलत होता ते मी लिहिणार नाही. पोराचे मोठे कान लाल होत गेले. तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. मला नाही वाटत तेव्हा लिहिण्यासारखं काही घडलं होतं. माणसाच्या पाठीमागे कुंपणावर खेळाच्या असोसिएशनची पाटी होती, 'आदर द्या, आदर मिळवा', आणि कोपर त्याने नेमकं तिच्यावरच टेकलं होतं. आजींचं विणकाम थांबलं होतं. मी काय केलं? मी जाळ्याच्या गाठी तपासल्या. गाठी उत्तम होत्या.

आमच्या गावाकडे कबड्डीच्या स्पर्धेच्या पोस्टरवर खाली नेहमी छापलेलं असतं, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. लहानपणी मला वाटायचं की भांडण कुठे सुरू करायचं याची ती खूण आहे. गल्ली क्रिकेटमध्ये तर आम्ही तेवढीही लाज ठेवली नव्हती. बॅटिंग करणाऱ्या टीमचाच अंपायर, आणि त्याने आऊट दिलं तर पुढची बॅटिंग बंद. तेव्हा मला कुणाला शिकवायचा अधिकार नाही हे मान्य आहे. तरी पण.

इथे त्यांनी उपाय केलाय, आणि तो चांगला आहे. डब्लिनला २०१५ ते २०१९ सलग पाच वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या बेटाची स्पर्धा, जिंकून देणारे मॅनेजर जिम गॅव्हिन यांच्या समितीने नियम नव्याने मांडले, आणि ते २०२५ च्या मोसमापासून खेळले जाऊ लागले. (हे गृहस्थ त्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि मध्येच माघार घेतली. राजकारणात स्टेप्स मोजायला कोणी नसतं.) नियम असा की रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं. दुसरा कोणी वाद घालू लागला, किंवा फ्री किक मिळालेल्या संघाला चेंडू नीट हातात द्यायच्या ऐवजी भिरकावला, की ती किक ५० मीटर पुढे. पूर्वी हे अंतर १३ मीटर होतं, म्हणजे तोंडसुख स्वस्त होतं. आता एक शिवी अर्ध्या मैदानाला पडते. क्रोक पार्कात ८२ हजार लोकांसमोर खेळणारे सगळे बिनपगारी हौशी खेळाडू, सोमवारी कामावर जाणारे, तेसुद्धा आता चेंडू असा हातात ठेवतात जसा प्रसाद.

दुसऱ्या सत्रात आमचा संघ माझ्या गोलाकडे खेळत होता. तेरा नंबरने चेंडू घेतला आणि निघाला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. शिट्टी. सतरा वर्षांच्या रेफरीने हातावर हात फिरवून खूण केली: स्टेप्स.

सकाळपासून हाच शब्द मागणाऱ्या आजींच्या तोंडून आवाज फुटेना.

तेरा नंबरने चेंडू जमिनीवर आपटला आणि मावसभावाच्या तोंडासमोर जाऊन म्हणाला, "थांब, आईला सांगतो."

मी गेली सहा वर्षं इथल्या मैदानांवर उभा आहे, रेफरीला दिलेल्या बऱ्याच धमक्या ऐकल्या आहेत. ही सगळ्यात खरी होती. पोरगा क्षणभर थबकला. मग हात वर केला, आणि लांब लांब टांगा टाकत, कुणाकडेही न बघता, ५० मीटर चालत गेला. तिथून पाहुण्यांनी लांब किक मारली, एका पोराने झेलली आणि दांडीवरून टाकली. आम्ही एका पॉइंटने मागे.

"योग्य केलं," आजी पुटपुटल्या. मग, "अगदी मूर्ख आहे." हे कोणत्या नातवाबद्दल ते मी विचारलं नाही.

शेवटचं मिनिट. पुन्हा तेरा नंबर, उजव्या कोपऱ्यातून, डाव्या पायाने. चेंडू उंच, माझ्या खांबाच्याही वर गेला. आता नियम असा की चेंडू खांबापेक्षा उंच गेला तर खांब तसाच आकाशापर्यंत चढत गेलाय असं धरायचं आणि ठरवायचं. म्हणजे पावसात, चष्म्यावर थेंब घेऊन, मी ढगात एक खांब उभा केला. चेंडू त्या खांबाच्या बाहेरून गेला. थोडा. पण बाहेरून. वेफर्सवाल्याकडे बघितलं, त्याने पाकिटात बघितलं. माझा स्वतःचा मुलगा मिडफिल्डवरून दोन्ही हात जोडून माझ्याकडे बघत होता.

मी हात पसरले. पसरताना उरलेल्या दोनपैकी एक बटण गेलं.

त्यानंतरचा डोळ्यांचा प्रश्न वर आलाच आहे. रेफरी धावत आला, हळूच म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्याने मान डोलावली, वहीत लिहिलं आणि सामना संपवला. काळं जाकीट आमच्या दिशेने निघालं होतं, पण मध्ये आजींची खुर्ची आली. मुद्दाम आली की घडी घालताना आडवी झाली, सांगता येत नाही.

मला सँडविच मिळालं नाही. थोरल्याला मिळालं, तेरा नंबरलाही मिळालं, वेफर्सवाल्याला मिळालं. आजी माझ्याजवळ येऊन थांबल्या, हात माझ्या बाहीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आंबे पाठवतात का रे इकडे डब्यातून?" तेवढ्यात थर्मास कलंडून माझ्या कोटावर चहा सांडला. गाडीत मुलगा बोलला नाही. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजच्या सर्व अधिकाऱ्यांचे आभार' आलं, खाली चौदा अंगठे आणि एक चष्मा. चष्मा कुणी टाकला ते मला माहीत आहे. रविवारी दुकानात दूध घेताना गल्ल्यावरच्या बाईने पाकीट स्कॅन करता करता विचारलं, "वाईड होता का हो?" जिने सामना पाहिला नव्हता, जिची मुलं केव्हाच मोठी झाली आहेत, तिनेसुद्धा.

वाईड होता. मी शंभर वेळा सांगेन.

रेफरी पोराला जाता जाता विचारलं होतं, पुढच्या वेळी करशील का रे? तो खांदे उडवून म्हणाला, "बघू." काळ्या जाकिटातल्या त्या माणसासाठी ५० मीटरचा नियम नाही. ५० मीटर मागे नेलं असतं तर तो पार्किंगमध्ये उभा राहिला असता, मला चाललं असतं.

कोट दोनदा धुतला, चहाचा डाग गेला नाही. आत्ता मागे दोरीवर वाळतोय, बायकोने बटण लावून दिलंय. शनिवारपर्यंत क्लबात नेऊन द्यायचं ठरवलं होतं, पण आज दुपारीच कोचचा मेसेज आला: "मॅक, कोट तुझ्याकडेच आहे ना? मग या शनिवारीही तूच."